माझ्याच नावाचा केसपेपर

वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या पलीकडे पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिथं मी आशा म्हणून काम करते, त्याला आता बारा वर्षं होतील. गरोदर बायांची नोंदणी करायची, त्यांना तपासणीला न्यायचं, लेकरांच्या लसी, टीबीच्या गोळ्या, निरोधची पाकिटं, असं सगळं. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे आशाताईच म्हणतात.

गरोदर बाईचं पहिलं रक्त तपासतात तेव्हा त्यात दोन तपासण्या अशा असतात की नाव ऐकूनच बाया बिचकतात. एक एचआयव्हीची. दुसरी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची. जुनी माणसं त्या रोगाला गरमीच म्हणतात. "आमाला काहून करायलेत? आमी काय तसल्या बाया हाव का?" असं एक तरी जण विचारतेच. माझं उत्तर पाठ झालेलं होतं. "सगळ्यांचीच करतात. लाजायचं काई न्हाई. असलं तर सुई-गोळी हाय, नसलं तर जीव निवांत." कंडक्टर जसा 'पुढं सरका' म्हणतो तसं मी ते म्हणायचे. समोरच्या बाईला त्या वेळी काय वाटत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

माझा नवरा एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. वसमतहून हळद भरून सांगलीला जायचं, तिथून जे मिळेल ते भाडं घेऊन पुढं. आठ-आठ, दहा-दहा दिवस घराबाहेर. अबोल माणूस. घरी आला की अंगणातल्या बाजेवर पडून लेकरांना गाणी लावून द्यायचा, नाही तर ताडपत्रीला ठिगळं मारत बसायचा. आम्हाला एक मुलगी, एक मुलगा. दुसऱ्याच्या वेळेसच माझं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे घरात निरोधचा विषयच नव्हता. गावाला वाटायची मी, आमच्या उशाशी कधी ठेवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला तो चार दिवस घरी होता. मग गेला, आणि फेब्रुवारीत परत आला तो काही वेगळाच. बाज उचलून गोठ्याच्या बाजूला नेली. उकडून राहिलं म्हणाला. फेब्रुवारीत कसलं उकडतंय? मला वाटलं थकलाय, मालकाशी काही बोलाचाली झाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे धुवायला बसले होते. शिवारात हळद शिजवणं चालू होतं, तो वास सगळ्या गावावर पसरलेला. त्याच्या पँटचे खिसे मी उलटे केले, तेव्हा एका प्लास्टिकच्या पुडीत सुट्या कॅप्सूल निघाल्या. अर्ध्या लाल, अर्ध्या काळ्या. पाकीट नाही, नाव नाही, काही नाही. आणि घडी घातलेला एक कागद, एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवतात तसला. 'गुप्त रोगांवर खात्रीशीर इलाज.'

मी हात पुसले आणि तो कागद पुन्हा वाचला. मग कपडे तसेच भिजत ठेवून उठले.

तो मागच्या बाजूला ताडपत्री शिवत होता. हातात दाभण होतं. मी पुडी त्याच्यासमोर धरली.

"ह्या कशाच्या?"

"अंग दुखत व्हतं."

"अंगदुखीच्या गोळ्या गावाला मी वाटते. मला शिकवू नका."

त्यानं दाभण खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही. ताडपत्रीकडं बघतच बोलला. "एक जखम झाली व्हती. तिथं. दुखत न्हवती. थोडे दिस ऱ्हायली अन् आपोआप बसली. तरी एकाकडनं गोळ्या घेतल्या."

"कवाची गोष्ट?"

"डिसेंबर संपता संपता."

"अन् आली कुठून जखम?"

त्यानं ताडपत्रीची कड दुमडली, पुन्हा उलगडली. गोठ्यात म्हैस तेवढी रवंथ करत होती. शेवटी म्हणाला, "धाब्यावर. एकदाच. सोबतचे व्हते. प्यालो व्हतो."

आम्हाला ट्रेनिंगमध्ये एका डॉक्टरबाईंनी हे नीट समजावून सांगितलं होतं. जी जखम दुखत नाही आणि आपोआप बरी होते, तीच जास्त फसवते. माणसाला वाटतं गेलं, पण रोग रक्तात उतरून बसलेला असतो. ते मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून. बायांच्या पाळीच्या तारखा मोजायची मला सवय आहे, त्याच सवयीनं बोटांवर मोजलं. डिसेंबरची अखेर. मग संक्रांत. संक्रांतीचे चार दिवस.

"तुमाला जखम व्हती, अन् तुमी माझ्याजवळ आलात," मी म्हणाले.

"बसली व्हती तवा. खपली धरली व्हती." त्याचा आवाज एवढासा झाला. "मला वाटलं बरं झालं."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं पुढं कितीदा तरी वाटलं. आत गेले, पीठ मळलं, भाकरी थापल्या. एक भाकर तव्यावर काळी ठिक्कर पडली तरी मला वास आला नाही, सासूनं येऊन उतरवली.

पुढचे आठ दिवस मी काय केलं, ते आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. मुलीचा हातातला आरसा घेऊन न्हाणीत जायचे आणि कडी लावून स्वतःला तपासायचे. कुठं काही नव्हतं. म्हणून आणखी भीती वाटायची. हातावर डास चावला की पुरळ उठली म्हणून बघायचे. घसा खवखवला की तेच. फोनवर शोधायचे आणि फोन बंद करायचे. माझा पेला वेगळा केला. टॉवेल वेगळा केला. माझी फणी मुलीच्या हातातून काढून घेतली. जेवताना लेकरांच्या ताटात हात घालणं बंद केलं.

एका दुपारी मुलगी म्हणाली, "आई, तू माझ्या ताटातलं काहून खात न्हाईस? मला काई झालंय का?"

ती दहावीला होती. तिला वाटलं, दोष तिच्यात आहे.

मी तिच्या ताटातला घास उचलून तोंडात घातला. गावातल्या बायांना चित्रांचा तक्ता दाखवून मीच सांगायचे की एका ताटात जेवल्यानं, एका टॉवेलनं, एका फणीनं एचआयव्ही पसरत नाही. बोटानं एकेक चित्र दाखवायचे. आणि आता माझ्याच घरात मी असं वागत होते की तो तक्ता खोटा आहे. त्या दिवशी ठरवलं, तपासायचं. होय की नाही, ते कळलं पाहिजे.

पण कुठं तपासायचं? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मला शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे ओळखतात. म्हणून मी नांदेड गाठायचं ठरवलं. बहिणीकडं जाते म्हणून सांगितलं. गणवेशाची साडी घडी करून ठेवली, दुसरी नेसले, पदर डोक्यावरून असा घेतला की आरशात मलाच मी ओळखू आले नाही. नांदेडला एका लॅबच्या काउंटरवर उभी राहिले. पलीकडचा माणूस मोबाइलमध्ये बघत होता.

"क्या टेस्ट?"

मी हळूच तपासण्यांची नावं सांगितली.

"क्या? जोर से बोलो."

पुन्हा सांगितलं. तो मागं वळून दुसऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "अरे, एचआयव्ही, व्हीडीआरएल का देखो." मग मला, "मिस्टर साथ में हैं क्या? किसने लिखके दिया?" बाकावरची चार माणसं माझ्याकडं बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं तर चष्मा वर केला. मी पायातली चप्पल नीट करते आहे असं दाखवलं आणि तशीच बाहेर पडले.

एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसले तेव्हा मला तांड्यावरची एक पोरगी आठवली. त्याच्या दोन वर्षं आधी मीच तिला तपासणीला नेलं होतं, पहिलटकरीण होती. तिच्या रक्तात गरमी निघाली. ती वऱ्हांड्यातून पळतच सुटली होती, गेटपर्यंत. मी तिचा हात धरून परत आणलं, बाकावर बसवलं आणि माझं ते पाठ असलेलं वाक्य म्हटलं. तिनं सुई घेतली, नवऱ्यालाही घ्यायला लावली. तिचं लेकरू ठणठणीत आहे, मीच त्याला डोस पाजते. ती एकोणीस वर्षांची पोरगी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेटपासून मागं फिरली होती. आणि मी, नऊ वर्षं हेच काम केलेली आशाताई, डोक्यावर पदर ओढून नांदेडच्या लॅबमधून पळून आले होते. मला माझी इतकी चीड आली की समोर लागलेली गाडी मी जाऊ दिली. थोडी शांत झाले, मग दुसऱ्या गाडीत बसले.

सोमवारी मी गणवेशाची साडी नेसले. डोक्यावर पदर घेतला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीवर जाऊन केसपेपर काढला आणि मागच्या वऱ्हांड्याकडं निघाले. तिथं समुपदेशनाची खोली आहे. तिचा नंबर कुणालाच ठाऊक नाही, सगळे तिला 'ती खोली' म्हणतात. बायांना सोबत घेऊन त्या वऱ्हांड्यातून मी शेकडो वेळा गेले असेन. एवढा लांब कधी वाटला नव्हता.

समुपदेशक ताई रजिस्टरात काही लिहीत होत्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, जालन्याकडच्या. मला बघून खुशीत म्हणाल्या, "या आशाताई. आज कोणाला आणलंय?"

मी दार लोटलं. केसपेपर त्यांच्यासमोर ठेवला.

"मला," मी म्हणाले. "आज मला आणलंय."

त्यांनी केसपेपर बघितला. माझ्याकडं बघितलं. डोळे मोठे केले नाहीत, अरेरे म्हणाल्या नाहीत. रजिस्टर मिटलं, खुर्ची माझ्या बाजूला ओढली आणि म्हणाल्या, "बसा. पाणी घेता का?"

तेवढ्यावर मी रडायला लागले. आठ दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी रडू दिलं. मग एकेक प्रश्न विचारले. मीच त्या खोलीबाहेर बसून किती बायांना तयार केलं होतं त्या प्रश्नांसाठी, पण उत्तर देताना जीभ जड होते, हे मला त्या दिवशी कळलं. नवऱ्याला जखम कधी झाली? तुमचा संबंध कधी आला? तुम्हाला कुठं जखम, गाठ, पुरळ? मी सगळं सांगितलं. सांगता सांगता हलकं वाटायला लागलं. पहिल्यांदाच ही गोष्ट माझ्या डोक्याच्या बाहेर आली होती.

"हे इथंच राहील," त्या म्हणाल्या. "या खोलीतलं बाहेर जात नाही. तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

"सांगते," मी म्हणाले. "आज ऐकून बघते."

त्या हसल्या. मलाही हसू आलं. मग रक्त घ्यायला बसले. लॅबवाला दादा म्हणाला, "ताई, दंड सैल सोडा. शीर सापडंना झालीय."

दुपारी रिपोर्ट आले. एचआयव्ही नाही. गरमी नाही. मी कागद हातात घेऊन उभीच राहिले. पण ताईंनी मला खाली बसवलं आणि नीट सांगितलं, की रोग शिरल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. म्हणून हे अर्धंच उत्तर आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आणि नवऱ्याला आणायचं, त्याचं रक्त बघितल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की संबंध येऊन तीन महिने झालेले नाहीत, जखमेचं वर्णन जुळतंय, तर वाट बघण्यापेक्षा पेनिसिलिन आजच घेऊन टाका. आधी चाचणीपुरतं थोडं दिलं, रिॲक्शन येत नाही ना बघितलं. मग कमरेत दोन्ही बाजूंना दोन सुया.

ती सुई कशी असते, ते ज्यानं घेतलीय त्यालाच ठाऊक. घट्ट औषध, हळूहळू आत जातं. इतक्या जणांना मी 'मुंगी चावल्यासारखं वाटंल' म्हणून सांगितलं होतं. ते आता सांगत नाही. परतीच्या गाडीत जागा रिकामी होती, कंडक्टर म्हणाला, "ताई, बसा की." म्हटलं, "उभीच बरी हाय." कुरुंद्यापर्यंत दांडा धरून उभी राहिले. पण उभी राहिले ती ताठ.

घरी आले तर नवरा निघायच्या तयारीत. ट्रक गावाबाहेर लावलेला, डबा भरलेला. मी म्हटलं, "उद्या माझ्यासंगं दवाखान्यात यायचंय."

"मी बरा झालोय."

"ते तुमचं रक्त सांगंल."

"तिथं सगळे तुला वळखतात. तुझी इज्जत जाईल."

"माझी इज्जत मी आज खिडकीवर नेऊन आले. शाबूत परत आली. तुमची पण येईल."

तो ट्रकची चावी घ्यायला खुंटीकडं गेला. खुंटीवर चावी नव्हती. ती माझ्या पिशवीत होती. त्यानं इकडं शोधलं, तिकडं शोधलं, मग माझ्याकडं बघितलं आणि समजला. आवाज चढला त्याचा. माझाही चढला. तेवढ्यात सासू आतून आली. सासूला आम्ही मामी म्हणतो. सत्तरीची, पण कान तिखट.

"काय लावलंय?" तिनं विचारलं.

मला हीच भीती होती. लेकाचा दोष सासू सुनेच्या पदरात टाकते, हे मी गावात डोळ्यांनी बघितलं होतं. पण त्या दिवशी मला लपवायचा कंटाळा आला होता. मी सरळ सांगून टाकलं. धाबा, जखम, संक्रांत, माझ्या सुया, सगळं. नवरा भिंतीकडं तोंड करून उभा.

मामी उंबऱ्यावर बसली. मग मला विचारलं, "तुला काई निघालं का माय?"

"आज तरी न्हाई. तीन महिन्यांनी अजून बघायचंय."

"अन् सुईनं बरं व्हतं?"

"गरमी असली तर व्हते. बराबर व्हते."

मामी लेकाकडं वळली. "म्हशीला सुई द्यायची तवा तू चार मानसं बलावून तिचं शिंग धरतूस. तुझं शिंग कोन धरावं? जा गुमान उद्या. सुनंनं एकलीनं जाऊन सुया घेतल्या, अन् तू चावी हुडकाय लागलास."

मग तिनं माझा हात धरून मला उंबऱ्यावर बसवायला बघितलं. मी म्हटलं, "मामी, बसता येईना." ती हसली आणि डोळ्याला पदर लावला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. त्या बाईनं मला जवळ घेतलेलं मला तोवर आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची तपासणी झाली. एचआयव्ही नव्हता. गरमी होती. ताईंनी कागद फिरवून त्याच्यासमोर ठेवला, तेव्हा त्या सहा फुटी माणसाच्या कपाळावर घाम आला. "हे बरं होतं," त्या म्हणाल्या, "पण त्या भिंतीवरच्या कागदानं नाही." मग त्यांनी धाब्याचं विचारलं, कुठला रस्ता, कुठलं गाव. तिथल्या बाईलाही इलाज पोचायला पाहिजे, त्या भागात काम करणाऱ्या माणसांना आम्ही कळवतो, म्हणाल्या. नवऱ्यानं खालमानेनं सांगितलं. आदल्या आठवड्यात त्या बाईला मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या होत्या. त्या खोलीत बसून मात्र एवढंच वाटलं, की तिला कुणी आशाताई आहे का नाही कोण जाणे.

त्यानं सुया घेतल्या आणि परतताना तोही गाडीत उभा राहिला. दोघं दोन दांड्यांना धरून.

माफ केलं, असं मी त्याला तेव्हा म्हटलं नाही. मनात नसलेलं तोंडानं म्हणायची मला सवय नाही. मी एवढंच सांगितलं की इलाज अर्धवट सोडला, तपासणी चुकवली, तर या घरात राहता येणार नाही. आणि माझ्या कामाच्या पिशवीतून निरोधची पाकिटं काढून त्याच्या हातात दिली. कसं वापरायचं ते, गावातल्या नव्या जोडप्याला सांगते तसं, सगळंच्या सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला म्हाईत हाय." मी म्हटलं, "म्हाईत असतं तर ही पाळी आली नसती. ऐका." त्यानं ऐकलं.

ते तीन महिने सोपे नव्हते. कधी वाटायचं सगळं ठीक आहे, कधी भाजी चिरता चिरता हात थांबायचा. पण मी पुन्हा पेला वेगळा केला नाही. आरसा मुलीला देऊन टाकला. आणि कामात एक फरक पडला. एखादी बाई 'आमाला काहून?' म्हणाली, की मी तिच्याजवळ बसायला लागले. म्हणायचे, "मी पण केलीय. भेव वाटतं. लई वाटतं. चल, मी हाय." एवढं ऐकलं की बाया उठायच्या. काही जणी वाटेत आपणहून बोलायच्या. एकीनं मला सांगितलं की तिला चार वर्षांपासून तकलीफ होती आणि तिनं ती फक्त देवाला सांगितली होती. तिला चौदा दिवसांच्या गोळ्यांनी आराम पडला.

एप्रिलमध्ये एक दिवस नवरा भाड्यावरून आला आणि ताडपत्री आवरता आवरता म्हणाला, "उद्या तू दवाखान्यात हाईस का?"

"हाय. काहून?"

"असंच. सोबतचे तिघं जण यायलेत."

मी पुढं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एका गरोदर बाईला घेऊन गेले होते. खिडकीपाशी बघते तर हा उभा, आणि त्याच्या मागं तीन धिप्पाड माणसं, रुमालानं डोळ्यांपर्यंत तोंडं बांधलेली. उन्हाळा असल्यामुळे अर्धं गाव तसंच बांधून फिरतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. याचं तोंड मात्र उघडं होतं. तो एकेकाचा केसपेपर काढून त्याच्या हातात देत होता. मागचा एक जण कच खाऊन गेटकडं सरकायला लागला, तर यानं त्याच्या दंडाला धरलं.

"आरं, मी घेतलीय सुई," तो म्हणाला. हळू नाही, चांगलं ऐकू येईल असं. "दुखते, दोन दिस बसता येत न्हाई. पन मानूस मरत न्हाई. सुई न घेता हिंडलास तर घरच्यांनाबी घिऊन बुडशील. चल."

असं भरल्या वऱ्हांड्यात हा माणूस बोलला, ज्याच्या तोंडून लग्नातसुद्धा कुणी चार शब्द ऐकले नसतील. मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. नजर खाली गेली त्याची, पण लगेच वर आली. मी मान हलवली. तो त्या तिघांना घेऊन मागच्या वऱ्हांड्याकडं चालायला लागला. माझ्यासोबतची बाई म्हणाली, "ताई, तुमचे मालक ना ते? कुणाला घिऊन आलेत?" मी म्हटलं, "सोबत्यांना." माझ्या छातीत काहीतरी भरून आलं होतं. राग होता त्यात अजून, पण नुसता राग नव्हता.

त्या तिघांचं काय निघालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोघं आले. समुपदेशक ताई मला म्हणाल्या, "आशाताई, तुमच्या मालकांनाच आशाचं ओळखपत्र देऊन टाकावं म्हणते."

मेमध्ये आमची पुन्हा तपासणी झाली. ऊन असं की दवाखान्याच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो. तो सारखा गुडघा हलवत होता, मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवला. फेब्रुवारीनंतर मी त्याला आपणहून हात लावला तो तेव्हा.

ताईंनी आत बोलावलं. कागद उलटे ठेवले नव्हते, सरळच ठेवले होते, त्यावरूनच मला कळलं. "दोघांचंही एचआयव्ही नाही," त्या म्हणाल्या. "तुमची व्हीडीआरएलपण नाही. आणि यांची गरमी चांगली उतरलीय. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, पण इलाज लागू पडलाय."

त्यानं दोन्ही हात जोडले. तसाच बाहेर जाऊन नळावर तोंड धुवायला लागला. मी ताईंना मिठी मारली. सरकारी कामात असं कोणी करत नसेल. मी केलं.

बाहेर आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर ऊन नुसतं झळाळत होतं, आणि मला धावत सुटावं असं वाटत होतं, चाळिशीच्या बाईला. तो म्हणाला, "घरी जायचं का?"

"न्हाई," मी म्हटलं. "आधी जेवायचं."

स्टँडजवळच्या खानावळीत गेलो. मालकानं सवयीनं पडद्यामागची फॅमिलीची जागा दाखवली. मी पुढच्याच टेबलावर बसले, रस्त्याकडं तोंड करून, पंख्याखाली. पिठलं, ठेचा, कांदा आणि ज्वारीची भाकरी मागवली. पहिली भाकरी मी बोलता बोलता संपवली. दुसरी आली, तीही संपली. तो माझ्याकडं बघत होता.

"अजून?" त्यानं विचारलं.

"अजून," मी म्हटलं. वाढणाऱ्या बाईला मीच हाक मारली आणि तिसरी भाकरी मागितली. तव्यावरची गरम.